चौकापासून पुरापर्यंत : 'सुर' या टँगोच्या मागोमाग चार दिवस

टँगोसाठी अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सला येणारे बहुतेक प्रवासी ला बोकामधली रंगीत पत्र्यांची घरं आणि रात्रीचा एखादा शो पाहून परततात. या प्रवासात एकच गाणं आहे : 'सुर', म्हणजे दक्षिण. शब्द होमेरो मान्सीचे, चाल आनिबाल त्रोइलोची, साल १९४८. पहिल्या ओळीत एक चौक आहे, दुसऱ्या ओळीत पूर आहे. दोहोंच्या मध्ये दक्षिणेकडे जाणारा साधारण ४ किलोमीटरचा रस्ता आहे. तो पायाखालून घातल्याशिवाय या गाण्याचं मराठी करायला बसू नये, असं आमचं ठाम मत आहे.

तयारी थोडीच. गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून घ्यायचे आणि दोन ओळींमध्ये लिहायला जागा ठेवायची. मेट्रो आणि बससाठी 'सुबे' कार्ड सोयीचं पडतं. बूट बंद हवेत, कारण दक्षिणेकडच्या फुटपाथांच्या फरश्या उखडलेल्या असतात आणि पाऊस पडून गेला की त्यांच्याखालचं पाणी पाय ठेवताच उसळतं. आणखी एक गोष्ट आपल्याला सवयीची नाही. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. दक्षिणेकडे चालताना ऊन पाठीवर येतं आणि आपली सावली आपल्या पुढे चालते.

पहिला दिवस : सान हुआन आणि बोएदो

प्लासा दे मायोजवळच्या बोलिवार स्थानकातून मेट्रोची ई लाइन पकडायची. तिथून आठवं स्थानक बोएदो. वर आलं की सान हुआन आणि बोएदो या दोन मोठ्या रस्त्यांचा चौक समोर येतो. कोपऱ्यावर, सान हुआन ३६०१ या पत्त्यावर, मान्सीचं नाव लावलेला कॅफे आहे. गाणं याच टेबलांवर लिहिलं गेलं, असं इथे प्रेमानं सांगतात. ते खरं असो नसो, गाणं इथून सुरू होतं हे मात्र शब्दांतच आहे.

उत्तर आणि दक्षिण हा या शहरात निव्वळ दिशांचा मामला नाही. रिवादाविया हा लांबलचक रस्ता शहराचे दोन भाग करतो आणि तो ओलांडला की उभ्या रस्त्यांची नावं बदलतात. उत्तरेला ज्याला बुल्नेस म्हणतात तोच रस्ता दक्षिणेला बोएदो होतो. १८७१ च्या पीतज्वराच्या साथीनंतर श्रीमंत घराण्यांनी दक्षिणेकडची घरं सोडून उत्तर गाठली. मागे उरले कामगार, बाहेरून आलेले लोक, गाडीवान, खाटीक. म्हणून 'सुर' हा शब्द उच्चारला की इथल्या माणसाला होकायंत्र आठवत नाही, वस्ती आठवते.

आता कागद काढून पहिलं कडवं वाचायचं. मराठीत साधारण असं येईल :

जुनं सान हुआन आणि बोएदो, आणि सगळं आकाश,
पोम्पेया, आणि त्याच्याही पलीकडे पूर.
आठवणीतले तुझे, माझ्या प्रेयसीचे, केस
आणि निरोपात तरंगणारं तुझं नाव.
लोहाराचा कोपरा, चिखल आणि माळ,
तुझं घर, तुझा फुटपाथ आणि तो नाला,
आणि रानगवताचा, लसूणघासाचा एक दरवळ
जो पुन्हा माझं काळीज भरून टाकतो.

पेन्सिल घेऊन यातल्या क्रियापदांखाली रेघा माराव्यात. आठ ओळींत काळ दाखवणारं पूर्ण क्रियापद एकच सापडतं, आणि तेही शेवटच्या ओळीत : 'येना', म्हणजे भरून टाकतो. ते वर्तमानकाळात आहे. बाकी सगळी नामं, एकापुढे एक ठेवलेली. मान्सी काही सांगत नाही, तो चालत जातो आणि वाटेत जे लागेल त्याचं नाव घेतो. चौक, पोम्पेया, कोपरा, घर, फुटपाथ, नाला. मग वास येतो आणि तेव्हाच वाक्य पूर्ण होतं.

भाषांतराची पहिली चूक इथेच होते. आपला हात आपोआप 'होता', 'होती', 'होतं' लिहायला जातो. लोहाराचा कोपरा होता, तुझं घर होतं. एक 'होतं' आलं की सगळं कडवं भूतकाळात जातं आणि शेवटच्या 'भरून टाकतो'चा जोर नाहीसा होतो. मराठीला क्रियापदावाचून वाक्य चालतं. तेवढी मोकळीक घ्यावी आणि थांबावं.

'मेलेना' या शब्दावर अडखळायला होतं. शब्दकोशात आयाळ असाही अर्थ मिळतो, पण इथे ते मुलीचे मोकळे केस आहेत. 'नोविया' म्हणजे प्रेयसी, वाग्दत्ता आणि नवरीसुद्धा. इथे लग्न झालेलं नाही. नवरीचे केस असं लिहिलं तर गाण्यात नसलेला मांडव उभा राहतो.

संध्याकाळपर्यंत बोएदोतच फिरावं. छोट्या पेल्यात येणारा 'कोर्तादो' मागवावा, म्हणजे थोडंसं दूध घातलेली कडक कॉफी. तिच्यासोबत सोड्याचा छोटा ग्लास येतो. बोएदोच्या पश्चिमेला आवेनिदा ला प्लातावर सान लोरेन्सो या फुटबॉल क्लबचं लाकडी स्टँडचं जुनं स्टेडियम होतं. तिथला शेवटचा सामना १९७९ साली झाला, मग स्टेडियम पाडलं आणि त्या जागी सुपरमार्केट उभं राहिलं. क्लबने पुढे बाखो फ्लोरेसला नवं स्टेडियम बांधलं, पण समर्थकांनी बोएदोचा हट्ट सोडला नाही. ती जमीन परत मिळवण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. गाण्याच्या शेवटाकडे 'बदलून गेलेल्या वस्त्यांचं दुःख' अशी एक ओळ आहे. ती इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा दिवस : चिखल आणि माळ

सकाळी ९ च्या सुमारास त्याच चौकातून दक्षिणेला निघायचं. पोम्पेया ही दक्षिणेकडची वस्ती सकाळीच पाहावी. दुकानं उघडी असतात, रस्त्यावर माणसं असतात. रविवारी दुपारनंतर तिकडचे काही रस्ते अगदी ओस पडतात आणि पुलाजवळ फोन हातात धरून नकाशा बघत उभं राहणं बरं नाही. नकाशा आधीच पाठ करावा. तो अवघड नाही : बोएदो मार्गानं खाली, मग साएन्स मार्गानं नदीपर्यंत.

चालताना उतार जाणवतो का ते पाहा. फार थोडा आहे, पण पाण्याला तेवढा पुरतो. हा सगळा भाग नदीकाठची सखल, पाणथळ जमीन होती. शहराचा कचरा इथेच आणून जाळत, त्या जागेला 'ला केमा' म्हणत. शेजारच्या पार्के पात्रिसियोसमधल्या उराकान क्लबच्या समर्थकांना आजही 'केमेरो' म्हणतात. त्याच भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शहराचा कत्तलखाना होता. म्हणजे गुरं, घोडे, गाड्या. घोड्यांना लसूणघास लागतो, घोड्यांना नाल ठोकावे लागतात. गाण्यातला लोहार आणि 'आल्फाल्फा'चा वास हे शोभेसाठी आलेले नाहीत, तो इथल्या गाडीधंद्याचा पसारा आहे. रस्ता न सांगता 'लोहाराचा कोपरा' म्हणणंही तसंच. चिखलाच्या वाटांवर पाट्या नसतात, माणसं धंद्याच्या खुणेनंच पत्ता सांगतात.

पोम्पेया म्हटलं की आपल्याला ज्वालामुखीखाली गाडलेलं इटलीतलं गाव आठवतं. या वस्तीचं नाव तिथल्याच रोझरीच्या मरियमेवरून आलं, पण ज्वालामुखीशी त्याचा संबंध नाही. एस्किऊ आणि साएन्स या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कापुचिन साधूंचं टोकदार मनोऱ्याचं चर्च आहे, १९०० साली उघडलेलं, त्यावरून वस्तीला नुएवा पोम्पेया हे नाव पडलं. भाषांतराच्या तळटिपेत राख आणि लाव्हा आणणारे लोक आहेत, म्हणून हे सांगितलं.

चर्चपासून एस्किऊनं पश्चिमेला गेलं की सेन्तेनेरा रस्ता लागतो. या भागातल्या लुप्पी नावाच्या शाळेत मान्सी वसतिगृहात राहून शिकला. त्याचा जन्म १९०७ चा, उत्तरेकडच्या सान्तियागो देल एस्तेरो प्रांतातल्या आन्यातुया गावचा. लहानपणी तो राजधानीत आला आणि शाळेच्या खिडकीतून त्यानं जे शहर पाहिलं ते असं अर्धवट होतं : एका बाजूला विटांची घरं, दुसऱ्या बाजूला माळ. 'पाम्पा' म्हणजे माळ आणि 'शुशोस' म्हणजे रानगवत, हे दोन्ही शब्द स्पॅनिशमध्ये केचुआ भाषेतून आले. तो ज्या प्रांतातून आला तिथे केचुआ आजही बोलली जाते. या शहराच्या गरीब वस्त्यांत घडलेली 'लुनफार्दो' बोली टँगोत सर्रास दिसते, पण या गाण्यात तिचा एकही शब्द नाही. मान्सीला ती टाळण्याची सवयच होती. त्याचे शब्द साधे, घरगुती असतात, आणि म्हणूनच त्यांचं भाषांतर फसतं.

जवळच ताबारे रस्त्यावर मानोब्लांका नावाचं छोटं संग्रहालय आहे. ते नाव मान्सीच्याच दुसऱ्या एका गाण्यातल्या घोड्याचं. सेन्तेनेरा आणि ताबारे यांचा कोपरा त्या गाण्यात आहे, 'सुर'मध्ये नाही. दोन्ही गाण्यांचा घोळ इथे नेहमी होतो.

दुपारी चुकलेल्या शब्दांकडे परत यावं. 'बेरेदा' म्हणजे काही देशांत पायवाट, इथे घरासमोरचा फुटपाथ. 'सान्होन' हा मोठा नाला, नदीकडे पाणी नेणारा, कधी नदीचं पाणी उलट आणणारा. धृपदातल्या 'आल्मासेन'चं सगळ्यात वाईट भाषांतर 'गोदाम'. स्पेनमध्ये ते बरोबर आहे, इथे नाही. इथे आल्मासेन म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, एका बाजूला डाळ-तांदूळ-तेल आणि दुसऱ्या बाजूला दारूचा कट्टा. जुनी आल्मासेन ओळखायची खूण अशी : शहरात इमारतींचे कोपरे तिरके छाटलेले असतात, त्याला 'ओचावा' म्हणतात. त्या तिरक्या भिंतीतच दार, दाराला लोखंडी शटर, उंबऱ्याला संगमरवराची झिजलेली पट्टी, छत उंच. आत आज मोबाईलचं दुकान असेल, पण उंबरा बदललेला नसतो. गाण्यातला तरुण असल्याच दुकानाच्या काचेला टेकून उभा आहे. तो मुलीच्या दारात उभा नाही, वाण्याच्या दुकानाशी आहे, कारण अंधाऱ्या वस्तीत दिवा तेवढा तिथेच होता.

तिसरा दिवस : भिंत, आणि मग

आज साएन्स मार्गानं थेट रिआचुएलो नदीपर्यंत. तिच्यावर पुएन्ते आल्सिना हा पूल आहे, १९३८ चा, दोन्ही टोकांना राजवाड्यासारखे मनोरे. अनेक वर्षं त्याचं सरकारी नाव वेगळं होतं, लोकांनी आल्सिनाच म्हटलं. पुलाच्या मध्यावर उभं राहून पाणी बघावं. ते काळं आहे आणि त्याला वास आहे. कातडी कमावण्याचे कारखाने आणि कत्तलखाने यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ आपलं सांडपाणी इथे सोडलं. २००८ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं नदी साफ करण्याचा आदेश दिला. काम अजून चालू आहे.

'आणि त्याच्याही पलीकडे पूर.' हा पूर एखाद्या वर्षीचं संकट नाही, तो भूगोल आहे. रिआचुएलो जवळजवळ सपाटीवरून वाहते आणि ला बोकाला रिओ दे ला प्लाताच्या रुंद मुखात मिळते. आग्नेयेकडून थंड वारा दिवसचे दिवस वाहू लागला की तो मुखातलं पाणी आत लोटतो. त्या वाऱ्याला 'सुदेस्तादा' म्हणतात. मुखाची पातळी चढते, नदीला बाहेर पडायला वाव उरत नाही, पाऊस असेल तर पाणी मागे तुंबून पोम्पेयाच्या सखल भागात पसरतं. नदीचं पात्र पुढे सरळ केलं, काठ उंच केले, पण मान्सीच्या शाळेच्या काळात क्षितिजाची शेवटची रेघ पाण्याचीच असे. म्हणून त्या ओळीत पूर एखाद्या गावाच्या नावासारखा येतो. आधी पोम्पेया, त्यानंतर पूर. भाषांतरात 'पुरानं हाहाकार केला' वगैरे भावना घालू नयेत.

परत येताना रेल्वेकडे पाहा. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात 'तेर्राप्लेन' आहे, म्हणजे रुळांसाठी घातलेला मातीचा बांध. पूरमैदानात रूळ कोरडे ठेवायचे तर ते उंचावर न्यावेच लागतात, आणि असा बांध मग वस्तीची भिंत होतो, प्रेमिकांचा आडोसाही होतो. आज बेल्ग्रानो सुर मार्गाचं साएन्स स्थानक काँक्रीटच्या उंच पुलावर आहे. गाडी डोक्यावरून जाते.

आता धृपद. पहिला शब्द 'सुर', एकच अक्षर, लांबवलेलं. मराठी कानाला तो 'सूर' ऐकू येतो. दोन शब्दांचं काही नातं नाही, पण मराठी माणसाला तो एकदा ऐकला की विसरता येत नाही. त्यानंतर तीन शब्द : 'पारेदोन इ देस्पुएस', भिंत आणि मग. वाक्य तिथेच सोडलेलं आहे. पारेदोन म्हणजे उंच, लांब, आंधळी भिंत, कारखान्याची, वखारीची. गोळ्या घालायच्या भिंतीलाही स्पॅनिशमध्ये हाच शब्द आहे, पण तो अर्थ इथे आणू नये, मागच्या पुढच्या ओळींत त्याला काही आधार नाही. भिंत संपली की शहर संपतं, इतकंच. 'मग'नंतर काय, ते मान्सीनं लिहिलं नाही, तेव्हा आपणही 'मग माळरान' किंवा 'मग काहीच नाही' असं लिहू नये. संपूर्ण गाण्यात आम्हाला सर्वांत प्रिय असलेली ही ओळ आहे आणि तिचं भाषांतर तीन शब्दांतच संपवायला हवं.

पुढे व्याकरणाची एक बारीक गाठ आहे. 'शा नुंका मे बेरास कोमो मे बिएरास.' पहिलं क्रियापद भविष्यकाळी : आता तू मला कधीच पाहणार नाहीस. दुसरं, 'बिएरास', आजच्या शाळेत संशयार्थ म्हणून शिकवतात, आणि म्हणून कुणी 'जसं पाहशील' किंवा 'पाहिलं असतंस तर' असं भाषांतर करतं. इथे ते जुन्या स्पॅनिशच्या वळणानं पूर्ण भूतकाळ आहे : जसं तू मला पाहिलं होतंस. 'आता तू मला पुन्हा कधीच पाहणार नाहीस, पाहिलं होतंस तसा, काचेला टेकलेला, तुझी वाट बघणारा.' इथे तक्रार मुलीविरुद्ध नाही. तो तिच्याशी बोलताना स्वतः हरवल्याचं सांगतोय.

उच्चारही महत्त्वाचा. या शहरात 'य'चा 'श' होतो. पोम्पेयाला इथे पोम्पेशा म्हणतात. त्यामुळे धृपदातले एस्त्रेशास म्हणजे तारे, केरेशास म्हणजे भांडणं, आणि पोम्पेशा, हे तिन्ही शब्द कानाला जुळतात. ज्या स्पॅनिशमध्ये हे ध्वनी वेगळे राहतात तिथे यमक ढिलं पडतं. 'एस्पेरान्दोते', म्हणजे तुझी वाट बघत, या शब्दाचा जोर बोलताना 'रान'वर असतो, गाताना तो शेवटच्या 'ते'वर सरकतो, 'देस्पुएस' आणि 'आल्मासेन'शी जुळण्यासाठी. गाणं शिकणारे इथे शब्दकोशातला जोर धरून बसतात आणि ताल सुटतो.

रात्री पोम्पेयात थांबू नये. राहत्या जागेच्या गच्चीवरून दक्षिणेला पाहावं. आपण ज्याला त्रिशंकू म्हणतो ते चार ताऱ्यांचं नक्षत्र कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरून उन्हाळ्याच्या संध्याकाळी क्षितिजालगत थोडा वेळ दिसतं. इथे ते कधीच मावळत नाही. 'आपल्या वाटेवर आता मी ताऱ्यांचा उजेड पाडणार नाही' असं गाण्यातला माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर हेच आकाश होतं, आणि खाली रस्त्यावर दिवे नव्हते.

चौथा दिवस : पुन्हा तोच चौक

मेट्रोनं परत बोएदो. दुसरं कडवं त्याच शब्दांनी सुरू होतं, जुनं सान हुआन आणि बोएदो, पण आता 'सगळं आकाश'च्या जागी 'हरवलेलं आकाश' आहे. चौकाच्या कोपऱ्यावर सिग्नल मिळेपर्यंत उभं राहून वर बघा. बहुमजली इमारतींच्या मधून आकाशाची एक पट्टी दिसते, रस्त्याच्या रुंदीएवढी.

पुन्हा पेन्सिल घ्या. पहिल्या कडव्यात एकच क्रियापद होतं. इथे रांग लागते : चुंबन 'चोरलं', गोष्टी 'होऊन गेल्या', वाळू आयुष्यानं 'नेली', वस्त्या 'बदलल्या', स्वप्न 'मेलं'. सगळी भूतकाळी. बांधापाशी पोहोचताना विशीतली मुलगी थरथरते, तेवढ्या ओळी अजून चालत्या आहेत. शेवटच्या चार ओळींत माणूस थांबतो आणि हिशोब मांडतो. म्हणून पहिलं कडवं मराठीत क्रियापदांवाचून ठेवलं असेल तरच दुसऱ्या कडव्यातली ही रांग वाचकाला लागते. एकीकडे ढिलाई केली की दुसरीकडेही अर्थ निसटतो.

आणि शेवटच्या ओळींत मुलगी नाही, हेही बघावं. वस्ती आणि स्वप्न उरतात. हे प्रेमगीत की गावगीत, असा वाद घालतात. आमच्या मते तो वाद गाण्यानंच मिटवला आहे : 'माझं प्रेम आणि तुझी खिडकी' एकाच दमात येतात आणि दोन्ही एकाच 'सगळं मेलंय, मला ठाऊक आहे' खाली जातात. 'मला ठाऊक आहे' हे शब्द हळू गायचे असतात.

दुपारी ध्वनिमुद्रणं ऐकायची. सुरुवात १९४८ चीच करावी : त्रोइलोचा वाद्यवृंद, आवाज एदमुंदो रिवेरोचा. तो खर्जातला, टँगोच्या उंच पट्टीत गाणाऱ्या गायकांच्या रिवाजाबाहेरचा. रिवेरो ओळ पूर्ण गातो, नामं एकेक करून खाली ठेवतो. त्यानंतर रोबेर्तो गोयेनेचे ऐका. तो शब्द मोडतो, बोलल्यासारखा गातो, विरामात थांबतो. शब्द शिकायचे तर रिवेरो, त्यांचं ओझं कळायचं तर गोयेनेचे. क्रम उलटा केला तर मूळ ताल कानात बसत नाही.

संध्याकाळी एखाद्या मिलोंगाला, म्हणजे टँगो नाचाच्या मैफलीला, जाता येईल, पण 'सुर' तिथे वाजेलच अशी आशा धरू नये. नाचासाठी तीन-चार गाण्यांचा एक संच लावतात, मध्ये दुसऱ्या संगीताचा तुकडा, आणि त्या संचांना ठाम लय लागते. 'सुर' हे बसून ऐकायचं गाणं आहे.

मान्सी १९५१ च्या ३ मे रोजी गेला, वयाच्या ४३ व्या वर्षी. त्रोइलोनं त्याच्यासाठी 'रेस्पोन्सो' रचला, मृतासाठी चर्चमध्ये म्हणतात त्या प्रार्थनेचं नाव घेतलेला टँगो. खोलीवर परतल्यावर तो लावावा. त्यात फक्त वाद्यं आहेत, शब्द नाहीत.